बोला, सुरू हाय

आदाण्णाला फोन केला तर तो हॅलो म्हणत नाही. "बोला, सुरू हाय," म्हणतो. फोनवर म्हणतो आणि तोंडावरसुद्धा म्हणतो. जेवण झालं का विचारा, सुरू हाय. गुडघा कसा आहे विचारा, सुरू हाय. गावात त्याला येडा म्हणतात. म्हणू देत. मी चौथी शिकलेला माणूस, पण येडा कुणाला म्हणायचं एवढं मला कळतं. म्हणून लिहायला बसलोय.

नाव आदगोंडा. आमच्या तासगावकडच्याच जैनाघरचा. पण उभी नोकरी कोयनानगरला वीजघरात काढली. तासातासाला काटे बघायचे आणि वहीत लिहायचे. लग्न केलं नाही. का रं, म्हणून विचारलं तर म्हणाला, "माझी पाळी हप्त्याला बदलायची. बायकूनं काय वही बघून ताट वाढायचं?" रिटायर झाल्यावर गावी आला आणि माझ्या बेदाण्याच्या शेडाला लागून खोली आहे ती राहायला मागितली. मला वाटलं, आता देवळात जाईल, माळ ओढील. तर ह्यानं धंदा काढला. लोकांच्या वेबसाईट ठेवायचा.

म्हणजे काय, ते त्यानं मला असं सांगितलं. "तात्या, लोकं कोल्ड स्टोरेजला बेदाणा ठेवत्यात का न्हाई? माल त्येंचा, जागा दुसऱ्याची. तसंच हे. दुकानदाराचं पान माझ्या मशीनवर ऱ्हाणार. जगातनं कुणी कवाबी बघायला आलं तरी दार उघडं पायजे आणि माल जाग्यावर पायजे. मशीन बंद पडता कामा नये. बास, एवढाच धंदा."

"आणि पडलं तर?"

"कोयनेला पडू दिलं न्हाई."

हे शिकायला तो सहा महिने एस्टीनं सांगलीला गेला. तिथं कॉम्प्युटर शिकवणारी एक बाई होती, नातीच्या वयाची. ती म्हणाली, "आजोबा, स्वतःचं मशीन कशाला? मोठ्या कंपनीकडनं जागा भाड्यानं घ्या आणि तीच पुढं गिऱ्हाइकांना द्या. सगळे असंच सुरू करतात." हा भडकला. "म्हंजे मी पोटभाडेकरू? वरच्यानं दार लावलं की माझी गिऱ्हाइकं रस्त्यावर! जमायचं न्हाई बाई."

फंडातनं मशीन घेतलं, बॅटऱ्या घेतल्या, इंटरनेटच्या दोन वायरी दोन अंगांनी आणल्या. "एक चालू, एक तयार," हे त्याचं दुसरं पालुपद. चपलासुद्धा दोन जोड. महिन्यातनं एकदा सगळ्या पानांची नक्कल एका डब्यात घ्यायची, तो डबा फडक्यात गुंडाळून मांडीवर धरायचा आणि एस्टीनं कऱ्हाडवरनं कोयनानगरला जुन्या जोडीदाराच्या कपाटात ठेवून यायचं. लोक हसायचे. मीही हसलो. "आदाण्णा, सगळं जग सोडून भूकंपाच्या जागेला?"

"त्यात काय? कोयनेची भिंत पडली तर वेबसाईट बघायला ऱ्हाणार हाय कोण?"



पहिलं गिऱ्हाईक मिळालं ते माझ्या घरातच. माझी बायको, कुसुम. तिच्यासारखा बेदाणा निवडणारी बाई तासगावात नव्हती. बोटानं चाचपून सांगायची, ह्यात पाणी राहिलंय. आदाण्णा म्हणाला, वैनी, तुमचं पान करू. बेदाणा कसा धुवायचा, कसा ठेवायचा, लोकांना कळू दे. ती म्हणाली, मला लिवाय येत न्हाई. हा म्हणाला, मग बोला. आणि फोन पुढं धरून तिचं बोलणं भरून घेतलं. चार मिनिटं. तीन मिनिटं बेदाण्याचं. शेवटाला ती म्हणते, "झालं का आदाण्णा? बंद केलं का? चा ठेवलाय, घिऊनच जावा. पळू नगा दरवेळी."

मी म्हणालो, ते शेवटचं काप की रं. लोक हसतील.

"माल वैनीचा हाय. मी निस्ती जागा दिलीया. दुसऱ्याच्या मालाला मी हात लावत न्हाई."

वैनीलाच विचार, म्हणालो. ती हसून म्हणाली, ऱ्हाऊ दे. राहिलं.

पुढं म्हसवडचा घोंगडीवाला आला, सांगलीचा हळदीचा व्यापारी आला, एक मंगल कार्यालय, एक कबड्डीचा संघ, असे करत सतरा झाले. रोज सकाळी सहाला आदाण्णा बसायचा आणि सतराच्या सतरा पानं स्वतः उघडून बघायचा. मग वहीत टिपायचा : सहा, सुरू. सांगलीच्या बाईनं सांगितलं, आजोबा, हे बघायला दुसरं मशीन लावता येतं. तर हा म्हणाला, "आणि त्या दुसऱ्या मशीनला कोण बघणार?"

कुसुम गेल्या दिवाळीच्या आधीच्या दिवाळीत गेली. आदाण्णाला मयताला काय बोलावं ते कळत नाही. तेराव्यानंतर दारात येऊन म्हणाला, "तात्या, वैनीचं पान ठिवायचं का काढायचं?"

"काढून टाक." मला कुणाचं काही ऐकायचं नव्हतं. तिचं तर नाहीच.

"तोंडी चालत न्हाई. लेखी अर्ज द्या."

मी त्याला शिवी हासडली. अर्ज काही दिला नाही. पानही पाहिलं नाही. तिचा आवाज त्या भिंतीपलीकडं आहे एवढं मनात धरलं आणि तिकडं पाठ करून बसलो. तेव्हापासनं सकाळी सहाला आदाण्णाच्या कानात काळ्या वायरीची बोंडं दिसायला लागली; मला वाटलं, भजन ऐकत असेल. ज्याला जे करायचं ते करावं. मी असा जगलो.

मागच्या उन्हाळ्यात त्याचं मशीन तापायला लागलं. बेदाण्याचं शेड म्हणजे वाऱ्याचं घर. आदाण्णानं मधल्या भिंतीला झरोका पाडला आणि शेडातला वारा ओढून घ्यायला पंखा लावला. मीच हातोडी दिली. दोघं शहाणे खूश. फुकटचा गार वारा!

आता बेदाण्याला रंग धरावा म्हणून जाळीवरचा माल प्लास्टिकनं झाकून आम्ही खाली गंधक जाळतो. त्याला धुरी म्हणतात. तो वास डोळ्यांतनं पाणी काढतो. मी धुरी देत होतो आणि ह्याचा पंखा ती इमानानं आत ओढत होता. दोघांच्याही डोक्यात आलं नाही. जन्मभर गंधक जाळणारा मी आणि जन्मभर मशीन राखणारा तो. असली चूक फक्त आम्हालाच जमणार.

तिसऱ्या धुरीनंतर सकाळी आदाण्णा दारात उभा. तोंडावर रंग नाही.

"तात्या, बंद हाय."

हे दोन शब्द त्याच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकले. जाऊन बघितलं. मशीन उघडून ठेवलेलं. आतल्या तांब्यावर काळं-हिरवं किटण चढलं होतं. वास ओळखीचा. माझाच.

"वैनीचं पान?" मी विचारलं. त्यानं माझ्याकडं बघितलं. सोळा गिऱ्हाइकं सोडून हे एक नाव माझ्या तोंडून आलं होतं.

"मशिनातलं गेलं. कोयनेला नक्कल हाय. पण तिथनं डबा आणल्याबिगर कळायचं न्हाई चालतोय का."

मी तिथंच पायरीवर बसलो. तोवर मला वाटत होतं, मी ऐकत नाही. खरं म्हणजे पाहिजे तेव्हा ऐकता येईल ह्या भरवशावर मी ऐकत नव्हतो. आणि तो भरवसा मी माझ्या हातानं धुरी देऊन जाळला होता.

"शिव्या दे की रं मला," म्हणालो.

"झरोका मी पाडला. हातोडी तुमची. गंधक तुमचं, पंखा माझा. निम्मं निम्मं." एवढं बोलून तो फोन घ्यायला गेला. सकाळपासनं फोन वाजत होता. दुसरा कुणी असता तर बंद करून ठेवला असता. हा पहिल्या घंटीला उचलायचा. "बोला, बंद हाय. चूक माझी हाय. परवा सुरू हुईल."

दुपारी पुण्याच्या कुठल्याशा कंपनीचा माणूस आला. मंगल कार्यालयवाल्यानं धाडला होता. गोड बोलला. "आजोबा, ह्या वयात कशाला दगदग? तुमची सतराही गिऱ्हाइकं आम्ही घेतो. तुम्ही आराम करा."

"तुमच्यात फोन कोण उचलतं?"

"ॲपवर तक्रार टाकायची. नंबर मिळतो."

"आणि म्हाताऱ्या घोंगडीवाल्याला ॲप येत नसंल तर?"

तो हसला. आदाण्णा उठला, त्याच्या चपला त्याच्या पुढ्यात सरकवल्या आणि म्हणाला, "मी बंद पडलोय, मोडलो न्हाई. या आता."

मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, लय बरं वाटलं.

लगेच तो कोयनेच्या गाडीला गेला. दुसऱ्या दिवशी आला तो मांडीवर डबा धरून, आणि पाठीवर सांगलीतनं घेतलेलं नवं मशीन. जैन माणूस, सूर्य बुडायच्या आत जेवायचं, तरी भाकरी ताटात तशीच टाकून आधी झरोका विटांनी बुजवला. मग माझ्या घरात, देवळीच्या बाजूला, मशीन मांडलं. मला विचारलंही नाही. मी हो म्हटलंच असतं.

सकाळी सहाला मी उठलो तर तो वही घेऊन बसलेला, कानात काळी वायर.

"चाललं?"

"सोळा सुरू हायत. सतरावं बघतोय." चार मिनिटं हलला नाही. शेवटाला मान खाली घातली आणि ओठातल्या ओठात म्हणाला, "घेतो की वैनी." मला ऐकू जाईल हे त्याच्या ध्यानात नव्हतं.

तेव्हा मला कळलं. भजन नव्हतं ते. रोज सकाळी सहाला हा माणूस तिचं शेवटापर्यंत ऐकत होता. चहा घेऊनच जावा, असं त्याला म्हणणारं दुसरं कोण होतं? कोयनेत पाळीवाल्यांचा चहा, इथं ती गेल्यावर एकट्याचा. आणि मला त्रास नको म्हणून ती काळी वायर.

"काढ ते कानातलं," मी म्हणालो.

"तात्या, तुमी म्हणला हुता—"

"अर्ज दिला होता का मी? काढ."

त्यानं वायर काढली. पुन्हा पहिल्यापासनं लावलं. हात कोरडा पायजे, ती म्हणाली. डबा काचंचा पायजे. घरात तिचा आवाज झाला. मी भिंतीला हात टेकून उभा राहिलो. पळू नगा दरवेळी, म्हणाली, आणि संपलं.

आदाण्णानं वहीत टिपलं : सहा, सुरू. आणि नेहमीसारखा जायला उठला.

"बस खाली," म्हणालो. चूल पेटवली, आधण ठेवलं. साखरेचा डबा उघडला आणि हात थांबला. इतकी वर्षं हा माणूस माझ्या घरात चहा प्यायला, पण करणारी ती होती.

"आदाण्णा, साखर किती रं?"

त्यानं वही मिटली. मग म्हणाला, "वैनी दोन टाकत हुत्या."