आधी संकोच, मग भंग

माणूस जन्मतः अनोळखी असतो, आणि त्याला तसंच राहू दिलं तर तो सहसा कुणाला त्रास देत नाही. शिबिरांचं मात्र तसं नाही. शिबिरात मुलं सकाळी दहाला बसमधून उतरतात आणि साडेअकरापर्यंत त्यांची एकमेकांशी जिवाभावाची मैत्री व्हावी लागते, कारण बाराला जेवण असतं. एरवी ज्या कामाला चार-सहा महिने लागतात ते दीड तासात उरकावं म्हणून संस्थेने संकोचभंग विभाग स्थापन केला होता. विभागात एक टेबल, एक शिट्टी, अकरा चेंडू (पैकी हवा असलेले चार) आणि एक ताई होत्या.

ताईंचं पद संकोचभंग अधिकारी, हंगामी. हा हंगाम तीन वर्षं चालू होता.

संकोच या विषयाचा ताईंना दांडगा अनुभव होता. (पंख्याखालची खुर्ची रिकामी होऊन दोन वर्षं झाली, पण ‘मी तिथे बसू का’ हे त्यांना अजून कुणाला विचारता आलं नव्हतं. कार्यालयाने याची नोंद ‘सहनशील स्वभाव’ अशी केली होती.) त्यामुळे शिबिराच्या कोपऱ्यात उभं राहून बुटाच्या टोकाने जमीन उकरणारं पोर त्यांना लांबूनच दिसायचं. मग त्या शिट्टी वाजवायच्या, आणि पोर आणखी आत सरकायचं.

संकोच मोजायची पद्धत शास्त्रीय होती. नमुना क्रमांक सात या तक्त्यात खेळापूर्वीचे आणि खेळानंतरचे आकडे भरायचे: स्वतःच्या बुटांकडे पाहणारी मुले, ‘हो’, ‘नाही’, ‘माहीत नाही’ यांवर भागवणारी मुले, बाथरूमला जातो सांगून परत न आलेली मुले (शोधून आणल्यास अर्धी धरावीत). संकोच किमान साठ टक्क्यांनी घटला की भंग झाला असं मानायचं. गेल्या वर्षी दोन अधिकाऱ्यांनी हे तक्ते घरी बसून भरल्यामुळे यंदा तपासनीस स्वतः येऊन दोन्ही वेळा मोजणार होते. हंगामातलं हे शेवटचं शिबिर. आज दुपारी चारला तक्ता जमला तर ताई पक्क्या, नाही तर उद्या सकाळी शिट्टी जमा.

बस आली. बसच्या आधी तिचा आवाज आला.

बेचाळीस मुलं उतरली, आणि ताईंच्या लक्षात आलं की काहीतरी भयंकर घडलंय. एकही पोर बुटांकडे पाहत नव्हतं. दोघं एकाच डब्यातून खात होते, तिघी चौथीची वेणी घालत होत्या, आणि एकजण दुसऱ्याच्या पाठीवर बसून खाली उतरला होता. चौकशी केली तेव्हा कळलं की यंदा अख्खं शिबिर एकाच कारखान्याने आपल्या कामगारांच्या मुलांसाठी घेतलं होतं. बेचाळीसही मुलं एका वसाहतीतली, एका शाळेतली, एका बसमधली.

“ताई, आम्ही बालवाडीपासून एकत्र आहोत,” एक मुलगी म्हणाली. तिला सगळे भोंगा म्हणत. का म्हणत, ते पलीकडच्या रस्त्यावरच्या लोकांनाही कळलं असावं.

ताईंनी तरी नियमानुसार खेळ घेतले. पहिला खेळ: चेंडू टाकायचा आणि ज्याच्याकडे टाकला त्याचं नाव विचारायचं. मुलांनी चेंडू टाकला आणि नावाऐवजी त्याच्या आजीच्या गुडघ्याची चौकशी केली. दुसरा खेळ: सगळ्यांनी हातांची गाठ मारायची आणि हात न सोडता ती सोडवायची. अपेक्षित वेळ पंचवीस मिनिटं. लागलेला वेळ अकरा सेकंद. (“बसमध्ये आम्ही रोज असेच बसतो, ताई.”) तिसरा खेळ: स्वतःबद्दल तीन गोष्टी सांगायच्या, त्यातली एक खोटी.

“मला दोन भाऊ आहेत,” एक मुलगी म्हणाली. “मी झाडावरून पडले होते. आणि मला पोहता येतं.”

“पोहता येत नाही,” एक्केचाळीस जण एका सुरात म्हणाले.

“आणि तू पडली नव्हतीस,” मागून एकजण म्हणाला. “मी ढकललं होतं.”

“तरीच.”

साडेअकराला ताईंनी मुख्य कार्यालयात फोन लावला.

“संकोच शून्य आहे,” त्या म्हणाल्या.

“छान,” कारकून म्हणाले. “आता तो साठ टक्क्यांनी कमी करा.”

“शून्यातून कमी काय करू?”

“ते तुमचं तांत्रिक काम आहे, मॅडम. माझ्याकडे फक्त रकाना आहे.”

“मग आधी थोडा वाढवला तर?”

 पलीकडून पानं उलटल्याचा आवाज आला. “वाढवू नये असं कुठे लिहिलेलं नाही,” ते म्हणाले. कार्यालयाकडून इतका भक्कम पाठिंबा ताईंना तीन वर्षांत प्रथमच मिळाला.

पण फोनवरचं हे बोलणं भोंग्याने खिडकीतून ऐकलं होतं, म्हणजे जेवणापर्यंत ते बेचाळीस जणांना कळलं.

“ताई, तुमची नोकरी जाणार?”

“जाणार नाही. पक्की होणार नाही.”

“म्हणजे जाणार.” भोंगा ताटावरून उठली. नळाजवळ मुलांची सभा भरली आणि ठराव एकमताने झाला: ताईंसाठी आपण लाजायचं.

लाजण्याच्या सरावाला दोन वाजता सुरुवात झाली, आणि सव्वादोनला ती सोडून द्यावी लागली. ज्याच्या नाकातून दूध आलेलं तुम्ही सहा वेळा पाहिलंय त्याच्यासमोर मान खाली घालून उभं राहणं मोठ्या नटांनाही जमणार नाही. सगळे खो खो हसत सुटले. संकोच उणे वीसवर गेला.

तेव्हा ताईंनी डोकं चालवलं. त्यांनी कोऱ्या चिठ्ठ्या वाटल्या. चार वाजल्यापासून कुणाला जुनी हाक मारायची नाही, कुणाच्या जुन्या भानगडी काढायच्या नाहीत. प्रत्येकाने स्वतःबद्दल अशी एक गोष्ट लिहायची की जी इथे कुणालाच ठाऊक नाही.

“अशी गोष्ट नाहीच आहे, ताई.”

“असेल,” ताई म्हणाल्या. “माझ्याकडे पुष्कळ आहेत.” हे त्यांच्या तोंडून कसं निघून गेलं ते त्यांचं त्यांनाच कळलं नाही. त्या लगेच चेंडू मोजायला लागल्या.

चारला तपासनीस आले. त्यांच्या हातात नमुना क्रमांक सात होता आणि खिशात दोन पेनं. (एक खेळापूर्वीसाठी, एक खेळानंतरसाठी.) मुलं गोलात बसली. पहिली चिठ्ठी शेंबड्याची निघाली.

शेंबड्या तेरा वर्षांचा. बालवाडीत एकदा आठ दिवस त्याला सर्दी झाली होती, आणि त्या आठ दिवसांचं नाव गेली नऊ वर्षं त्याला चिकटलं होतं. तो उभा राहिला.

“मी घड्याळं दुरुस्त करतो,” तो म्हणाला. “आतापर्यंत चार केली. त्यातलं एक चालतं.”

 एक्केचाळीस मुलांनी आपापल्या मनात घड्याळ दुरुस्त करणाऱ्या शेंबड्याला शोधलं, आणि तो तिथे नव्हता. मग ज्याच्याशी नऊ वर्षं एका बाकावर बसलो त्याच्याकडे कसं पाहायचं ते न कळून, एकामागून एक, एक्केचाळीस जणांनी स्वतःच्या बुटांकडे पाहिलं.

तपासनीसांनी मोजलं. पुन्हा मोजलं. तीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी इतका शुद्ध संकोच पाहिला नव्हता. शांतता सत्त्याण्णव सेकंद टिकली. एकजण बाथरूमला जातो म्हणाला आणि परत आला नाही. ताईंचा हात शिट्टीकडे गेला, आणि का कोण जाणे, तिथेच थांबला.

“कुठलं चालतं?” भोंग्याने विचारलं. इतक्या हळू आवाजात, की पहिल्यांदा कुणालाच ऐकू गेलं नाही.

“शाळेच्या घंटेजवळचं.”

“ते तू केलंस? त्याच्यामुळे मी रोज उशिरा पोचते. आधी ते दहा मिनिटं मागे होतं.”

“माहीत आहे,” शेंबड्या म्हणाला. “मलाही ते तसंच आवडायचं. पण सर मागे लागले.”

मग कुणीतरी हसलं, आणि चिठ्ठ्यांसाठी मुलांची झुंबड उडाली. झाडावरून पडलेल्या मुलीला, सगळे समजत तशी अंधाराची नव्हे, कबुतरांची भीती वाटत होती. तिला ढकलणारा तेव्हापासून झाडांवर चढलेला नव्हता. भोंगा घरी कुणाशी फारसं बोलत नव्हती. बाथरूमला गेलेला परत येऊन ‘आता माझी वाचा’ म्हणाला. पाचला तपासनीसांनी दुसरं पेन काढलं. बुटांकडे पाहणारी मुले: एक. (त्याची नाडी सुटली होती.) घट सत्त्याण्णव टक्क्यांहून अधिक.

“एकही चेंडू वापरला नाही,” तपासनीस म्हणाले. “पद्धत कोणती?”

“अनोळखीकरण,” ताई म्हणाल्या. मग एक मोठा श्वास घेऊन त्यांनी विचारलं, “साहेब, पंख्याखालच्या खुर्चीवर मी बसू का?”

तपासनीसांनी तक्त्यात तसा रकाना शोधला, आणि तो नसल्यामुळे परवानगी दिली.

ताई पक्क्या झाल्या. पण हुशार माणसाच्या हाती नवी पद्धत लागली की ती शिबिरापुरती राहत नाही. त्या संध्याकाळी तपासनीसांनी घरी बायकोला सहज विचारलं, “मला ठाऊक नसलेलं एखादं सांग बरं.” बायकोने पातेलं खाली ठेवलं आणि पावणेदोन तास सांगितलं. दुसऱ्या दिवशी कार्यालयातून परिपत्रक निघालं. त्यानुसार मुलांना या उपक्रमातून वगळण्यात आलं आहे, कारण त्यांचं जमतं. यापुढे तो एका छपराखाली दहा वर्षांहून अधिक काळ राहणाऱ्या प्रौढांसाठी सक्तीचा आहे.

त्याचा नमुना क्रमांक आठ आपल्याला लवकरच मिळेल. त्यात एकच रकाना आहे. आत्ता आपल्या शेजारच्या खोलीत जे माणूस आहे, त्याच्याविषयी गेल्या वर्षभरात कळलेली एक नवी गोष्ट लिहावी. (औषधांच्या वेळा आणि मोबाइलचा पासवर्ड धरला जाणार नाही.) रकाना कोरा राहिल्यास स्वतःच्या बुटांकडे पाहून वेळ काढू नये. आपण घरी आहात. बूट दाराबाहेर आहेत.