आमच्याकडे शांती ठेवली त्याची गोष्ट

मी पिक्चर बघत नाही. मी पिक्चर अनुभवतो! दिल्लीतल्या द्वारकेच्या आमच्या सोसायटीत एकशे वीस फ्लॅट आहेत, पण सिनेमा कळणारा माणूस एकच, आणि तो म्हणजे मी, श्यामकांत. आमच्या तिसऱ्या बेडरूममध्ये प्रोजेक्टर आहे, समोर पांढरा पडदा, खिडक्यांना काळे पडदे आणि मधोमध एकच आरामखुर्ची. नियम कडक! दिवे बंद, मोबाइल बंद, कुरकुरीत काही खायचं नाही आणि "हा कोण?" असं मला विचारायचं नाही.

बघायच्या पिक्चरांची माझी यादी चारशे बारावर गेली आहे. त्यातला आज कुठला बघावा, हे ठरवण्यातच दीड तास जातो. दर्दी माणसाचं असंच असतं.

शनिवारी बायकोनं विषय काढला. "अहो, शिवांगीची बारावी आहे. पोरगी डायनिंग टेबलावर फिजिक्स करते आणि तुम्ही अख्खी खोली अडवून झोपता!"

"झोपतो? विजया, मी डोळे मिटून बॅकग्राउंड म्युझिक ऐकतो!"

"घोरत?"

"पप्पा, यार, सच बोलो," शिवांगी मध्येच म्हणाली, "तुम्ही शेवटचा पिक्चर पूरा कधी बघितला?"

माझं डोकंच फिरलं. मी टेबलावर हात आपटला. "उद्या! उद्या दुपारी तीन वाजता!"

"बिल्कुल," विजया म्हणाली. "पण खुर्चीतून उठायचं नाही, थांबवायचं नाही, कुणाशी बोलायचं नाही. आणि संपल्यावर शेवट मला सांगायचा. जमलं तर खोली तुमची. नाहीतर शिवांगीची!"

हात्तिच्या! एवढंच? फक्त अडचण होती ती आवाजाची. वरच्या मजल्यावर ड्रिल, खाली पोरांचं क्रिकेट, शेजारी चड्ढाजींचा फोन, जो ते गॅलरीत उभे राहून साऱ्या सेक्टरला ऐकवतात. म्हणून रविवारी जेवण झाल्यावर मी सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज टाकला. चौदा वर्षं दिल्लीत काढलीत, माझ्या हिंदीत नाव ठेवायला जागा नाही:

"जो बहुत दिनों से टल रहा था, वह आज हो रहा है। दोपहर तीन से छह, हमारे घर शांति रखी है। सबका सहयोग चाहिए। — श्यामकांत, बी-३०४"

मोबाइल बंद केला आणि खुर्चीत बसलो. काय सांगू! पाच मिनिटांत ड्रिल थांबलं. क्रिकेट थांबलं. चड्ढाजीसुद्धा गप्प! आपल्या शब्दाला किंमत आहे, असं वाटून ऊर भरून आला.

पिक्चर निवडला होता भारी. परदेशी, ब्लॅक अँड व्हाइट, गाणी शून्य. डोक्याला रुमाल बांधलेली एक म्हातारी खिडकीपाशी पडून आहे आणि कॅमेरा अकरा मिनिटं तिच्या चेहऱ्यावरून हलत नाही. बाहेर बर्फ. वा!

तेवढ्यात बेल वाजली. बाहेर चड्ढाजींचा आवाज. पण आज चक्क हळू!

"भाभीजी, बहुत अफ़सोस हुआ. भाईसाहब कहाँ हैं?"

विजयाला काही कळेना. ती म्हणाली, "अंदर बैठे हैं. छह बजे तक उठेंगे नहीं. बात भी नहीं करेंगे."

"हाय राम! इतना सदमा!"

दार हळूच उघडलं आणि पांढरे कुर्ते, पांढऱ्या ओढण्या घालून चौदा माणसं चपला बाहेर काढून आत आली! इथे दिल्लीत माणूस गेला, की त्याच्यासाठी 'शांति' म्हणजे प्रार्थनासभा ठेवतात, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं. अरे देवा! आपण काय लिहून बसलो! उठावं, ओरडून सांगावं की बाबांनो, कुणी मेलेलं नाही... पण उठलो तर खोली गेली! बोललो तरी खोली गेली! मी दात आवळून बसून राहिलो. मिसेस चड्ढांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला.

सगळे सतरंजी घालून बसले. समोर म्हातारी.

"माताजी का चेहरा कितना शांत है!"

"पीछे इतनी बर्फ?"

"महाबलेश्वर होगा जी."

चड्ढाजींनी उठून पडद्याच्या कोपऱ्याला झेंडूचा हार अडकवला आणि खाली उदबत्ती लावली. प्रोजेक्टरच्या उजेडात धूर तरंगायला लागला. दारात उभ्या विजयानं एव्हाना ग्रुपवरचा मेसेज वाचला असावा, कारण ती ओढणी तोंडात कोंबून स्वयंपाकघरात पळाली.

आणि मग जी शांतता पसरली! चौदा वर्षांत अशी ऐकली नव्हती हो. अंधार, उदबत्तीचा वास, मऊ खुर्ची. मी म्हटलं, क्षणभर डोळे मिटून बॅकग्राउंड म्युझिक ऐकू या.

टाळ्यांच्या कडकडाटानं मी दचकलो. पडद्यावर नावं सरकत होती. सगळे डोळे पुसत होते आणि हसतही होते. कुणी मेलेलं नाही, हा पिक्चर आहे, हे त्यांना केव्हाच कळलेलं दिसत होतं. विजया दिवा लावून माझ्यासमोर उभी राहिली.

"हं. म्हातारीचं शेवटी काय झालं?"

मी सावरून बसलो, जड आवाज लावला. "गेली बिचारी. विजया, मरणाचं इतकं संयमी चित्रण जगात दुसरीकडे सापडणार नाही!"

मग चड्ढाजी अदबीनं म्हणाले, "गई तो सही, भाईसाहब. पर डाकिये के साथ!"

"म... म्हणजे तेच! पोस्टमन म्हणजे साक्षात मृत्यू! प्रतीक है वो!"

"होगा जी. पर जाते-जाते उसने माताजी को साइकिल पर बिठाया और माताजी ने रास्ते भर उसे डाँटा कि धीरे चला!"

शिवांगी फिजिक्सची पुस्तकं छातीशी धरून दारात उभीच होती.

हल्ली मी डायनिंग टेबलावर, मोबाइलवर पिक्चर बघतो. कलेला जागा लागत नाही. फक्त त्या लाकडी खुर्चीत झोप काही नीट लागत नाही हो!