सासरे, सासूबाई आणि माझी तीनचाकी

मी भोरला एका कचेरीत कारकून आहे. उपद्रवी माणूस नाही. पण पानशेतला एका ओळखीच्या बंगल्यावर जेवायला गेलो आणि आंब्याखाली ती उभी दिसली. एक चाक पुढं, दोन मागं, फायबरचं अंग, एकच दार. आत दोन माणसं आणि तिसऱ्याचा नुसता विचार मावेल एवढी जागा. पन्नास वर्षांपूर्वीची मोटार. मालक म्हणाला, "न्यायची तर न्या, आमच्या कोंबड्या बसतात तिच्यात." मी नेली.

माझी बायको दीपमाला हिनं गाडीभोवती एक चक्कर मारली (सहा पावलांत झाली) आणि विचारलं, "हिचं बाकीचं कधी येणारे?"

गाडीला रिव्हर्स नव्हता. मागं जायचं तर उतरून ढकलायची. तरी दोन वर्षं मी ती अभिमानानं चालवली. भोंगवलीचे माझे सासरे ज्ञानोबा, म्हणजे मामा, ट्रॅक्टरवर आयुष्य काढलेला माणूस. ते म्हणाले, "जावईबापू, मी मेलो तरी या डबीत बसणार न्हाई."

गेल्या मार्गशीर्षात मामा गेले.

तिसऱ्या दिवशी सकाळी राख सावडली. अस्थींचं गाडगं फडक्यात बांधून अंगणाबाहेरच्या लिंबाला टांगलं. घरात न्यायचं नसतं. मामांचा जन्म भोरचा, म्हणून अस्थी तिथंच नीरेत सोडायच्या ठरल्या होत्या. टेम्पो आला, भावकी चढली, "आवरा, आवरा" झालं आणि टेम्पो गेला. बायकांनी घाटावर जायचं नाही, म्हणून माझ्या सासूबाई बाळाबाई, म्हणजे मामी, ओट्यावर बसून राहिल्या. मी माझ्या गाडीनं मागून निघणार होतो (टेम्पोत जागा होती; बोलावलं कुणी नाही).

"जावईबापू," मामी हळूच म्हणाल्या, "समदी गेली. मालक ऱ्हायलं."

लिंबाला गाडगं तसंच होतं.

मी मेहुण्याला, इंद्रजितला, फोन लावला. "गाडगं चुलत्यांकडं हाय, दाजी." मागून चुलत्यांचा आवाज आला, "माझ्याकडं? मला वाटलं तुझ्याकडं!"

मामी उठल्या, पदर खोचला. "चला. म्या धरून बसते."

"मामी, भावकी काय म्हणंल?"

"भावकी त्यास्नी इसरून गेली. म्या शेहेचाळीस वर्षांत एकदाबी इसरले न्हाई."

मी दार उघडलं. मामी गाडगं मांडीवर घेऊन बसल्या आणि गाडग्यालाच म्हणाल्या, "बसा गुमान. दर येळंला आपलंच खरं करायचं न्हाई."

कापूरहोळच्या वळणावर गाडी एका उभ्या ट्रकच्या फळीला नाक लावून बंद पडली. पुढं ट्रक, मागं चढ. मी उतरून ढकलू लागलो. ढाब्यावरची माणसं जमली, मोबाईल वर झाले. एकानं विचारलं, "काका, चावी भरायची ऱ्हायली का?" हसू उसळलं. दुसऱ्यानं काचेतून आत डोकावून म्हटलं, "आजी, मडक्यात लोणी का तूप?"

"आमचं मालक हायेत," मामी म्हणाल्या.

मोबाईल एकेक करून खाली गेले. समोरचा गॅरेजवाला, गेनू त्याचं नाव, हात पुसत आला आणि टोपी काढून त्यानं गाडग्याला नमस्कार केला. "आजी, उतरू नका," म्हणाला. चौघांनी चार कोपरे धरले (तीन चाकांच्या गाडीलाही चार कोपरे असतात, हे मला तेव्हा कळलं), मामींसकट गाडी उचलली आणि रस्ता ओलांडून गॅरेजात ठेवली. मामी ताठ बसून होत्या.

"बघितलं का," त्या गाडग्याशी बोलल्या, "दुसऱ्यांदा खांदा मिळाला. कुणाला मिळतोय?"

आणि तीन दिवसांत पहिल्यांदा त्या रडल्या. गेनू पाठ करून प्लग साफ करत राहिला. एवढ्याशा प्लगला इतका वेळ लागत नाही. मला गाडीतलं फारसं कळत नाही, पण एवढं कळतं.

घाटावर इंद्रजित मान खाली घालून उभा होता. चुलत्यांनी मामींना बघितलं आणि बाजूला होऊन वाट दिली. मामी गुडघाभर पाण्यात गेल्या. स्वतःच्या हातांनी गाडगं सोडलं.

"जावा," म्हणाल्या. एवढंच.

परत निघताना गाडी चालू झाली नाही. शेवटी भावकीनं ती टेम्पोत चढवली आणि स्वतः एस.टी.नं गेली. हँडब्रेक लागत नसल्यानं आत कुणीतरी ब्रेक दाबून बसायला हवं होतं. मी बसलो. इंद्रजित टेम्पोवाल्याशेजारी बसला. मामींना त्यानं पुढं बोलावलं, तर त्या "हितंच बरं हाय" म्हणून माझ्याशेजारी आल्या.

भोरच्या बाजारपेठेतून, भर दुपारी, टेम्पोत ठेवलेल्या मोटारीत मी स्टेअरिंग धरून बसलो होतो. वळण आलं की तेही वळवत होतो (सवय). चहाच्या टपरीवर आमचे साहेब उभे होते. त्यांनी कप खाली ठेवला. मी नमस्कार केला, एका हातानं.

गाव मागं पडलं. मामी बाहेरची शेतं बघत होत्या. चेहरा निवला होता. बऱ्याच वेळानं माझ्याकडे वळून त्या समाधानानं म्हणाल्या,

"आता कशी झ्याक चालवताय, जावईबापू. येताना लई हिसकं बसत व्हतं."