इस्त्रीचा लाल दिवा

शिंपीकाकांची स्मरणशक्ती म्हणजे सगळ्या गल्लीचं भूषण, असं निदान शिंपीकाका तरी सांगायचे. "वीस वर्षांतलं कुठलंही माप विचारा. वही उघडायची नाही."

त्यामुळे दुपारी दुकान बंद करून जेवायला बसल्यावर काकूंनी सहज विचारलं, "इस्त्री बंद केलीत ना?" तेव्हा त्यांना रागच आला.

"केली. बटण दाबलं, वायर गुंडाळली. स्वच्छ आठवतंय."

"नक्की?"

त्या 'नक्की'नेच घात केला. बटण दाबलेलं आठवत होतं, पण ते आजचं की कालचं? काकांचा घास हातातच राहिला.

"लाल दिवा विझला होता का?" काकूंनी विचारलं आणि काकांना दिवा दिसायलाच लागला. चांगला पेटलेला.

"मी काजं-बटणं आवरून निघाले ना, तेव्हा मलाही काहीतरी लाल दिसलं होतं हो," काकू म्हणाल्या.

मग काकांना इस्त्रीही दिसली. टेबलावर, थेट गल्लीतल्या मास्तरांच्या जावयाच्या कोटावर आडवी! चार वाजता त्याची नोकरीची मुलाखत, तीनला तो कोट न्यायला येणार. आयुष्यातला पहिला कोट होता बिचाऱ्याचा.

"जळका वास येत होता का?"

"येत होता गं. मला वाटलं, बाहेरून येतोय."

दोघं खरकट्या हातांनीच पळत सुटली. काकांकडून किल्ली कुलुपात जाईना, ती काकूंनी लावली.

आत धूर नव्हता. कोट हँगरवर शाबूत होता. इस्त्री मात्र गायब.

"चोरी झाली," काका मटकन खाली बसले. "तरीच निघताना दारात एक चष्मेवाला घुटमळत होता."

"हो, उंचसा," काकू म्हणाल्या.

आवाज ऐकून शेजारचा इलेक्ट्रिशियन डोकावला. "कोण चष्मेवाला? इस्त्री सकाळी दुकान उघडल्या उघडल्या तुम्हीच दुरुस्तीला दिलीत. काकूंनी वायर धरली होती. कॉइल गेलीय, उद्या मिळेल."

दोघांनी एकमेकांकडे बघितलं. मग हळूच कोटाकडे बघितलं. बोचक्यातून काढल्यासारखा चुरगळलेला होता तो.

तेवढ्यात जावई दारात हजर. "काका, इस्त्री झाली ना कोटाला?"

"मघाशीच केली," काकांच्या तोंडून सवयीने निघून गेलं. "स्वच्छ आठवतंय."

काकूंनी मान डोलावली. "माझ्यासमोरच केली."