दवाखान्याची पालेदार फीत

एका जंगलात, बाळांनो, सगळ्यांच्या पोटात जंत होते आणि सगळ्यांच्या अंगावर गोचीड. हसू नका. तुमच्यातल्या कोणाकोणाला जंतांचं औषध द्यायची वेळ झालीय, तेही मला ठाऊक आहे.

तर तिथं भिंगरी नावाची शेळी होती. तिचं एकुलतं एक करडू जंतांनी पार खंगलं होतं. पोट तेवढं टम्म. दूधसुद्धा पीत नव्हतं. भिंगरीचा जीव नुसता टांगणीला लागला होता.

नशीब बघा, तेवढ्यात जंगलात दवाखाना झाला. औषधंही आली. भिंगरी करडाला घेऊन धावत गेली. पण दाराला आडवी फीत. हिरव्या वेलीची, चांगली पालेदार. आत कंपाउंडर वानर बाटल्यांना हार घालत बसला होता.

"भाऊ, जंतांचं औषध द्या," भिंगरी म्हणाली. "पोर हातचं जातंय माझं."

"औषध तयार आहे, बाई. पण हत्तीसाहेब येऊन फीत कापतील, मगच बूच निघेल."

"मग खिडकीतून द्या."

"खिडकीचंही उद्घाटन व्हायचंय."

भिंगरी दारातच बसली. तिच्या मागे जाईबाई म्हैस, अंगभर गोचीड घेऊन उभी. दुपार टळली. करडानं मान टाकली. भिंगरीला रडू फुटलं. आणि शेळीच ती, रडता रडता तोंडासमोरचा पाला खाऊ लागली. बघता बघता फीत तुटली.

फीत तुटली की टाळ्या वाजवायच्या, ही त्या जंगलाची जुनी खोड. झाडावरच्या माकडांनी वाजवल्या. कंपाउंडरनंही वाजवल्या. टाळ्या झाल्या म्हणजे उद्घाटन झालं. मग करतो काय बिचारा, त्यानं बूच काढलं.

करडाच्या घशाखाली औषध उतरलं, जाईबाईचा नंबर आला, आणि नेमके तेव्हाच हत्तीसाहेब टपकले.

"फीत कुठाय?"

"भिंगरीबाईंच्या पोटात, साहेब."

झालं. बाटल्यांना पुन्हा बुचं, दाराला नवी फीत. साहेब कापणार, तोच त्यांना आठवलं की भाषण घरीच राहिलं. ते आणायला गेले.

जाईबाई रडकुंडीला आली. खाजवायला झाडही पुरेना.

इकडे करडू डोळे उघडून आईला ढुशा मारू लागलं. भिंगरीनं त्याला पाजता पाजता नव्या फितीकडे पाहिलं. चांगली कोवळी होती.

"थांब गं जाईबाई," ती म्हणाली. "आधीच्या फितीचा रवंथ तेवढा होऊ दे."

तात्पर्य: दवाखान्यात औषध कोणतंही ठेवा, बाळांनो, फीत मात्र कोवळ्या पाल्याचीच बांधावी.