सव्वीस नंबरवर बडी

हवाईपट्टी सांभाळावी तर आम्हीच! अख्ख्या दुर्ग जिल्ह्यात माझा हात धरणारा दुसरा माणूस नाही. उभी हयात भिलाईच्या प्लांटमधल्या रेल्वे लाइनींवर गेली. कोणत्या लाइनवर कोणती वॅगन, झोपेतून उठवून विचारा! म्हणून रिटायर झाल्यावर अहिवाऱ्याकडच्या एका विमान शिकवणाऱ्या शाळेनं मला बोलावलं. काम सोपं. पट्टीवर गाय, कुत्रा, माणूस दिसला की हाकलायचा आणि वॉकीटॉकीवर राजदीप साहेबांना कळवायचं. साहेब वरच्या काचेच्या खोलीत बसून विमानांना चढ, उतर सांगत; पट्टीचं लांबचं टोक त्यांना नीट दिसत नसे, म्हणून तर मी! ते बाहेरून आलेले, भिलाईत नवे.

पट्टीच्या एका टोकाला रंगवलंय ०८, दुसऱ्या टोकाला २६. मी पहिल्याच दिवशी ओळखलं. अलीकडची आठ नंबर, पलीकडची सव्वीस नंबर. दुर्ग स्टेशनावर प्लॅटफॉर्म असतात तसंच! यात विचारायचं काय?

त्या दिवशी सकाळी साहेब म्हणाले, "दौलतराव, आज रनवे आठ चलेगा."

म्हणजे सव्वीस रिकामी! मी लगेच घरी फोन लावला. बायकोनं, आमच्या मथुरेनं, रात्री कोहळा किसून, उडदाची डाळ वाटून ठेवली होती. रखिया बडीसाठी, म्हणजे उन्हात वाळवायच्या कोहळ्याच्या सांडग्यांसाठी. आमच्या गल्लीत ऊन कमी, माकडं जास्त!

"मथुरा, ये इकडं! काळीभोर, गुळगुळीत जागा हाये. वर झाडाचं पान नाही!"

"अन् विमान?"

"ते आठ नंबरवर येते. सव्वीस बंद हाये आज."

मथुरा आली, सोबत शेजारच्या पंचफुलाबाईही आल्या. मागचं फाटक मीच उघडलं. दोघींनी जुनी धोतरं अंथरली आणि पांढऱ्याशुभ्र बड्या घालत सुटल्या. लांबून बघितलं तर बगळ्यांची सभा भरली आहे असं वाटावं! मी मधोमध, पट्टीच्या कडेला जीपजवळ ऐटीत उभा राहिलो.

तेवढ्यात वॉकीटॉकी खरखरली. पद्मनाभपूरची उन्नती, शिकाऊ पायलट, पहिल्यांदाच एकटी बिलासपूरला जाऊन परत येत होती.

"दौलतराव, रनवे क्लिअर?"

"आठ नंबर एकदम क्लिअर, साहेब! सव्वीस नंबरवर बडी हाये."

"क्या बडी है?"

"बडी, साहेब."

"अरे, बडी क्या चीज है?"

"चीज नाही, साहेब. बडी!"

"कितनी बडी?"

"छोटी छोटी बडी है, साहेब."

मग हळूच आवाज आला, "दौलतराव, छोटी है या बडी है?"

"छोटीच बडी है. पण खूप है!"

तोवर उन्नतीचं विमान चाकं टेकवायच्या बेतात आलेलं. साहेब तिच्यावर असे ओरडले की वॉकीटॉकी माझ्या हातात थरथरली. विमान खालपर्यंत आलं आणि भर्रकन माझ्या डोक्यावरून पुन्हा वर गेलं! माझी टोपी उडाली. पोरगी उतरायचं विसरली की काय?

"हटाओ उसको!" साहेब किंचाळले.

"हटवता येत नाही, साहेब! गीली है! सकाळीच टाकली."

"किसने डाली?"

"माझ्या बायकोनं!"

यावर साहेबांनी काय चित्र डोळ्यांसमोर आणलं देव जाणे! आगीचा बंब भोंगा वाजवत निघाला. पाठोपाठ साहेबांचा आवाज आला, पण आता तो वेगळाच होता. "दौलतराव, बच्ची अकेली है. तेल कम है उसके पास. आठ पे उतरेगी तो दौडते हुए छब्बीस तक जाएगी. पट्टी एक ही है!"

एकच?

मी जीपमध्ये उडी मारली. जीप सुरूच होईना! मी तसाच धावत सुटलो.

"मथुरा! उचल! विमान येऊन राहिलं!"

"काऊन? तुमीच त म्हनलं ना सव्वीस बंद हाये!"

"बंद नाही! म्हंजे आठच सव्वीस हाये!"

"आठ सव्वीस कसे होतीन?"

"मले काय मालूम! तू उचल!"

पंचफुलाबाईंनी वर बघितलं, विमान वळताना दिसलं आणि त्यांनी एका झटक्यात धोतराची टोकं गोळा केली. आम्ही तिघं गाठोडी ओढत गवतात पडलो. छोट्या छोट्या बड्या एकमेकींत मिसळून गाढवाएवढा गोळा झाला. आता मात्र ती खरंच बडी होती!

विमान टेकलं, उसळलं, पुन्हा टेकलं आणि धावत धावत आमच्या अलीकडे येऊन थांबलं. उन्नती उतरली. चेहरा पिठासारखा, पण पाय ताठ.

"काका, क्या था? साहेब म्हनले, रनवेवर कुछ बहुत बडा है!"

मी गोळ्याकडे बोट दाखवलं. ती बघत राहिली. मग जी हसत सुटली, ती हसता हसता रडायला लागली. मथुरेनं तिला जवळ घेतलं आणि माझ्याकडे असं बघितलं की त्यापेक्षा विमानाखाली आलो असतो तर बरं!

साहेब आले. रागावलेही नाहीत, तेच जास्त लागलं. धुळीत एक रेघ ओढून म्हणाले, "इधर मुंह करके उतरो तो आठ. उधर मुंह करके उतरो तो छब्बीस. समझे?"

"समजलं, साहेब!"

घरी जाताना स्कूटरवर मथुरा कुम्हारीच्या वाटेएवढं लांब तोंड करून बसली होती. मग तिनं विचारलं, "त्या पट्टीले तिसरा नंबर बी हाये का?"

"नाही!" मी ठणकावून सांगितलं.

खरं तर साहेबांना ते विचारायचं राहूनच गेलं होतं हो!