दुसऱ्या कडव्यानंतर

दिवसभर लोकांना गाडी शिकवून बाई संध्याकाळी घरी यायच्या, पण त्यांचा उजवा पाय काही घरी यायचा नाही. शिकाऊ गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशी एक जादा ब्रेक असतो. तो हा पाय अंथरुणातसुद्धा दाबत राहायचा. डोळे मिटले की समोरून कुणीतरी आडवं जायचं, बाई ब्रेक मारायच्या आणि पलंगाची फळी धाडकन वाजायची. शेजारी झोपलेले यजमान दचकून उठून बसायचे.

यजमानांचं चष्म्याचं दुकान होतं आणि गिऱ्हाईक नसलं की ते कविता करायचे.

"अगं, झोपताना एखादी वाचून दाखवू का? मनाला बरं वाटतं म्हणे."

"वाचा बापडे," बाई म्हणाल्या.

यजमानांनी खर्जात सुरुवात केली. "एक पाखरू थांबले आहे मनाच्या दाराशी..." पहिलं कडवं संपलं, दुसरं सुरू व्हायच्या आत बाई गाढ झोपल्या.

"कशी वाटली?" सकाळी यजमानांनी विचारलं.

आता काय सांगणार? "छानच! शेवट तर काळजाला भिडला."

इथेच घोळ झाला. यजमानांना आजवर कुणी शेवटपर्यंत ऐकलंच नव्हतं. ते रोज वाचू लागले, बाई रोज झोपू लागल्या आणि रोज सकाळी शेवट काळजाला भिडू लागला. त्या भरात यजमानांनी पदरमोड करून पुस्तक काढलं. पहिल्याच पानावर छापलं होतं : 'जिने शेवटपर्यंत ऐकलं, तिला.' ते वाचून बाईंना धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

प्रकाशनाच्या दिवशी वाचनालयाचं सभागृह बऱ्यापैकी भरलं. पहिली श्रोती म्हणून बाईंना थेट व्यासपीठावर, पाहुण्या प्राध्यापकांच्या शेजारी बसवलं.

"वहिनी, चेहरा असा का पडलाय?" नणंदेने विचारलं.

"कॉफी आहे का अजून?"

पण कॉफी काय करणार! यजमान माइकपुढे उभे राहिले, घसा खाकरून खर्जात म्हणाले, "एक पाखरू थांबले आहे..." आणि बाईंची मान छातीवर पडली. दुसऱ्या कडव्याला त्या बारीक घोरत होत्या. तिसऱ्याला त्यांच्या स्वप्नात कुणीतरी आडवं गेलं.

बाईंनी ब्रेक मारला. टेबल कलंडलं, पाण्याचा जग प्राध्यापकांच्या मांडीवर रिकामा झाला आणि माइकमधून सगळ्या सभागृहाने ऐकलं, "क्लच! आधी क्लच दाबा, मेलात की!"

हशा थांबता थांबेना. बाईंनी डोळे उघडले तेव्हा यजमान पुस्तक हातात धरून नुसते उभे होते.

घरी आल्यावर त्यांनी आधी बाईंचं अंथरूण नीट केलं.

"अहो, रागवा तरी."

"रागवू कशाला? दमली असशील."

त्या शब्दांनी बाई आणखीच खचल्या. "दमले नव्हते हो. मी एकदाही दुसरं कडवं ऐकलेलं नाही."

यजमान बराच वेळ चष्मा पुसत राहिले. "मग तो काळजाला भिडलेला शेवट?"

"अंदाजाने भिडला."

यजमानांनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि दिवा मालवायला हात नेला. तेवढ्यात बाई पलंगावर ताठ बसल्या. "वाचा. आज पापणी लवणार नाही माझी."

आणि खरंच लवली नाही. लाजेने झोप पार उडाली होती. यजमान वाचत गेले. पाखरू उडालं, परत आलं, भिजलं, शिंकलं. मग त्याने जगण्याचा अर्थ विचारला. तो एका कंदिलाने सांगितला, सविस्तर. शेवटच्या कडव्यात पाखराला चष्मा लागला आणि त्याला सगळं लख्ख दिसू लागलं.

यजमानांनी पुस्तक मिटलं. पुस्तकावरची नजर न उचलताच त्यांनी विचारलं, "कशी वाटली गं?"

बाईंनी घाईघाईने डोळे मिटले, मान उशीवर टाकली आणि जन्मात पहिल्यांदाच खोटं खोटं घोरायला सुरुवात केली.

"दमलीच होती बिचारी," यजमान पुटपुटले आणि त्यांनी हलक्या हाताने बाईंच्या अंगावर पांघरूण ओढलं. त्या पांघरुणाखाली बाईंना जी लाज वाटली, तिच्यापुढे सभागृहातली काहीच नव्हती.